टेलेक्सबाईचा पाट

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मिरच्यांची देठं खुडणं. भिवापुरी मिरची, वाळून खडखडीत झालेली. मी खाटेवर, ती खाली बसलेली, मधे सूप. तिचे पाय नेहमीसारखे पाटावर. बोलणं काही खास नव्हतं. यंदाची मिरची तिखट कमी आहे, कळमन्याच्या बाजारातल्या आडत्यानं जुना माल मिसळला, असं तिचं म्हणणं. तेवढ्यात मला शिंक आली. ती हसली. शिंक तिला ऐकू आली नव्हती. खाट हलली, ते पाटातून तिच्या पायाला कळलं.

"मी म्हणतो तिखट नाही, अन तुमी शिंकले," ती म्हणाली. मग सूप झटकत म्हणाली, "उद्या सकाळी चक्कीवर द्याच्या. सांगून ठेवलं मी त्याले. तुमी नेसान का?"

मी वाकून पाटावर बोटानं दोनदा वाजवलं. दोनदा म्हणजे हो, कळलं, नेतो. तिनं मान हलवली आणि मिरच्यांचा डबा भिंतीशी ठेवला.

त्या रात्री झोपेतच ती गेली.

पोरगी चंद्रपूरला दिलेली आहे. ती म्हणते, बाबा, आईचं लिहून ठेवा, ऑफिसातलं तुम्हालाच माहीत. मी चौथी पास. लिहून काय होते? माणूस परत येत नाही. पण संध्याकाळी करायला काही नसतं, म्हणून लिहितो.

तिचं नाव विमल. ऑफिसात तिला विमल कोणी म्हणत नसे, सगळे टेलेक्सबाई म्हणत. नुसतं बाई म्हटलं तरी तीच, कारण दुसरी बाई त्या ऑफिसात नव्हती.

गांधीबागेच्या पलीकडं आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीचं ऑफिस होतं. मी तिथं चपराशी. पाणी भरायचं, चहा आणायचा, कागद या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचे. कंपनीच्या गाड्या कलकत्ता, कानपूर, अहमदाबाद अशा सगळीकडं जात. गाडी भरली की माल कोणता, नग किती, गाडीचा नंबर काय, बिल्टीचा म्हणजे मालाच्या पावतीचा नंबर काय, हे समोरच्या गिरणीला कळवावं लागे. आधी ते टपालानं जायचं. पुष्कळदा माल आधी पोचायचा आणि कागद मागून. कागद नाही म्हणून गिरणीवाले माल उतरवून घेत नसत, आणि आमचे ड्रायव्हर गेटबाहेर स्टोव्ह पेटवून भात शिजवत बसत.

मग शेठनं टेलेक्स घेतला. लोखंडी स्टँडवर बसवलेलं, टाइपरायटरसारखं दिसणारं मोठं धूड. इथं अक्षर दाबलं की तिकडं अहमदाबादच्या गिरणीत त्याच घडीला तेच अक्षर कागदावर उमटायचं. तिकडून पाठवलेलं इथं आपोआप छापून यायचं. ऑर्डर, दर, बिल्टी, माल मिळाल्याची पोच, सगळं त्याच्यावरच. चहा थंड व्हायच्या आत कलकत्त्याचं उत्तर आलेलं मी पाहिलं आहे. आवाज मात्र असा की शेजारी उभा माणूस बोलला तर तोंड हललेलं दिसे, शब्द ऐकू येत नसे. म्हणून त्याला काचेच्या दाराची वेगळी खोली दिली. त्या खोलीत विमल येऊन बसली.

इंदोरा वस्तीतली पोरगी. बाप सूतगिरणीत. बापानं बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ती त्याच्या खांद्यावर बसून गेली होती. बापानं घरातले देव काढले आणि पोरीला शाळेत घातलं, दोन्ही एकाच आठवड्यात. मॅट्रिक झाल्यावर ती सीताबर्डीला टायपिंग शिकली. उंच, सावळी, वेणी घट्ट, पातळ साधं पण कडक इस्त्रीचं. मशीनच्या खोलीत शिरताना ती चपला दाराशी काढायची. ऑफिसातल्या लोकांना ते फार आवडलं. आमचे हेडक्लार्क, त्यांना सगळे बडेबाबू म्हणत, ते तर मला म्हणाले होते, "पाहा, तिकडची असून किती वळण आहे."

तिच्या एकेक सवयी होत्या. पहिली म्हणजे ती तोंडी काही घ्यायची नाही. शेठ केबिनमधून ओरडून दर सांगायचे, कानपूरला हे कळव, कलकत्त्याला ते कळव. ही जागची हलायची नाही. "लिहून द्या जी. तोंडचं मशीनवर चढत नाही." शेठलासुद्धा हेच. लोक म्हणायचे बाईला घमेंड आहे. घमेंड नव्हती. काय होतं ते पुढं सांगतो.

दुसरी सवय मशीनपासून लागलेली. त्या मशीनची एक रीत होती. मजकूर पाठवायच्या आधी समोरच्या मशीनला विचारायचं, कोण? समोरचं मशीन स्वतःच आपलं नाव छापून देतं. मग मजकूर पाठवायचा. संपला की पुन्हा विचारायचं, कोण? पुन्हा तेच नाव आलं की समजायचं, लाईन मधे तुटली नाही, सगळं पोचलं. नाव आलं नाही तर पाठवलेलं सगळं फुकट. तिकडचा माणूस जेवायला गेलेला असो, ऑफिसला कुलूप असो, मशीन नाव सांगतंच. मला हे तिनं कागदाचा रोल बदलताना समजावलं होतं, आणि मला फार नवल वाटलं होतं.

ही रीत तिनं ऑफिसाबाहेर सगळीकडं चालवली. कोणाला काही सांगितलं की उत्तर आल्याशिवाय ती सोडायची नाही. भाजीवाल्याला एकदा सांगितलं, उद्या मेथी आणजो. तो आपला गाडी ढकलत पुढं गेला. ही गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्या मागं गेली. "हाव म्हण नं बाबू." त्यानं हाव म्हटलं तेव्हा परत आली. पुढं तो भाजीवाला तिला पाहिलं की आधीच हाव म्हणायचा, मग विचारायचा, काय आणू?

आमचं लग्न तिनंच ठरवलं. मी तिशी ओलांडलेला. एका दुपारी मी कागदाचा रोल चढवत होतो, मशीन बंद होतं.

"तुमचं लग्न झालं का जी?" तिनं विचारलं.

"नाही."

"काहून?"

"जमलं नाही."

"माहंबी जमून नाही राहिलं," ती म्हणाली. "लहानपणी माहे कान वाहत होते. डावा तर गेलाच, उजवाबी जाऊन राहिला. पाह्याले येतात त्यायले मी आधीच सांगून देतो. ते चहा पितात अन उठून जातात. न सांगता मले लग्न कराचं नाही. तुमाले चालन का?"

मी म्हटलं, "मी तसाही जास्त बोलत नाही."

ती इतकी हसली की काचेबाहेरच्या बाबूंनी माना वर केल्या. मग हसणं थांबवून म्हणाली, "पण ऑफिसात हे कोणाले समजलं नाही पाह्यजे. समजलं तर माही खुर्ची गेली. हाव म्हणा."

"हाव," मी म्हटलं.

ऑफिसात थट्टा झाली. मॅट्रिक बाईनं चपराशी केला, आता तिला घरीही चहा बसल्या जागी मिळणार. बाबू लोक काय बोलतात ते मी कधी मनाला लावून घेतलं नाही. चहा मी देतच होतो, घरी दिला तर काय झालं? लग्नात फुलं कमी पडली तेव्हा तिनं पिशवीतून टेलेक्सच्या टेपीचा भुसा काढला. मजकूर आधी कागदी टेपीवर भोकं पाडून तयार करत, त्या भोकांचे बारीक गोल तुकडे ती महिनोन्‌महिने साठवून होती. सगळ्यांनी आमच्यावर तो उधळला. कितीतरी दिवस माझ्या केसांतून ते तुकडे निघत होते.

लग्नानंतर तिचा उजवा कान आणखी लवकर गेला. मशीनच्या आवाजानं गेला, मला काही शंका नाही. मी एकदा रागावून म्हटलं, सोड ते मशीन. ती म्हणाली, "बाप गिरणीत होता तं त्याले नंबरानं बोलवत. मले बाई म्हणतात." एवढं बोलून ती भाकरी थापायला लागली.

आता घमेंडीचं सांगतो. लिहून द्या म्हणायची कारण ऐकू येत नव्हतं. समोरचा बोलला तर ओठांवरून पुष्कळ समजायचं, पण आकडे समजत नसत, आणि तिथं सगळे आकडेच. आणि चपला काढायची ती देव म्हणून नव्हे. मशीनवर बाहेरून मजकूर कधीही येई. ती पाठ करून टेप कापत बसलेली असली तर तिला कसं कळणार? तर मजकूर येण्याआधी आतली मोटर सुरू होते. तेव्हा स्टँडचं लोखंड थरथरतं. ती डावा पाय उघडा करून स्टँडच्या खालच्या आडव्या पट्टीवर ठेवायची. तळव्यातून तिला सगळं कळायचं. पलीकडच्या माणसानं घंटी वाजवली तर तेही कळायचं. मी काचेबाहेरून पाहायचो. कोणाला काही ऐकू यायच्या आधी ती वळलेली असायची.

टेबलाखालचा पाय कोणाला दिसत नव्हता. दिसला तो पूजेच्या दिवशी.

कंपनीत नवमीला गाड्यांची आणि मशीनची पूजा होत असे. दसऱ्याला तर आमची सुट्टी ठरलेली, आम्ही दोघं दीक्षाभूमीवर जायचो. पण नवमीला ऑफिसात असायचो. पूजा बडेबाबू स्वतः करायचे. फार मनापासून करायचे, हे मी खोटं सांगणार नाही. आदल्या संध्याकाळी स्वतः फडकं घेऊन मशीन पुसायचे. त्या वर्षी त्यांनी झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं, आणि नेहमी फक्त वर लावायचे ते त्या वर्षी खालच्या पट्टीलाही लावलं. आरती झाली. लोक बाहेर प्रसादाला गेले. ही आत गेली, सवयीनं पाय ठेवला आणि कामाला लागली.

बडेबाबू तिच्यासाठी प्रसाद घेऊन आले. दारातूनच त्यांना दिसलं. कुंकवावर पाय. त्यांनी हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही. दुसऱ्यांदा जोरात मारली. ती टेप कापत राहिली, पाय तसाच. ते प्रसादाची वाटी घेऊन तसेच मागं फिरले. मी पाण्याच्या माठाशी होतो. त्यांचा चेहरा मी पाहिला. अपमान झालेल्या माणसाचा चेहरा होता, ढोंग नव्हतं.

थोड्या वेळात सगळ्या ऑफिसात बोभाटा झाला. मुद्दाम केलं म्हणे. यांना आपल्या देवाचं काय पडलं आहे, असं कोणी तरी म्हणालं. जातीचं नाव कोणी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. कालपर्यंत तिच्या वळणाचं कौतुक करणारे तेच लोक.

शेठनं तिला केबिनमध्ये बोलावलं. मी पाण्याचा ट्रे घेऊन आत गेलो आणि तिथंच उभा राहिलो, कोणी जा म्हटलं नाही. शेठ हिंदीतच बोलायचे. ते सावकाश म्हणाले, "बाई, मशीन को पैर लगाया? लक्ष्मी है हमारी।"

तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडात एकच वाक्य होतं. तिला ऐकू येत नाही शेठ, ती पायानं ऐकते. एवढं बोललो असतो तर अपमानाचा डाग तिथंच पुसला गेला असता, आणि पहिल्या तारखेपासून त्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला असता. शेठ वाईट नव्हते, पण बहिरी बाई त्यांनी मशीनवर ठेवली नसती. त्यात फोनही त्याच खोलीत न्यायचं बोलणं तेव्हा चालू होतं. तिनं मान अगदी थोडी हलवली. नाही.

"लागला जी. चुकी झाली," ती म्हणाली.

"लागला नाही, ठेवला होता," बडेबाबू म्हणाले. "मी दोनदा हाक मारली. तरी काढला नाही."

ती तशीच वळली. केबिनमधून निघाली, काचेच्या खोलीत गेली, आणि सगळे पाहत असताना वाकून दोन्ही हात स्टँडला लावून कपाळाला लावले. जिच्या बापानं घरातले देव काढले होते ती बाई. मी ट्रे धरून उभा होतो.

घरी आल्यावर ती तांदूळ निवडायला बसली. मी समोर बसलो. खडे काढता काढता म्हणाली, "मी देवाच्या पाया नाही पडली. मशीनच्या पडली. मशीन माह्याशी कधी वाईट नाही वागलं."

मी म्हटलं, "हाव."

दुसऱ्या दिवसापासून नवा नियम. बडेबाबूंनी मशीनच्या भोवती फरशीवर खडूची रेघ मारली आणि खुर्ची मागं सरकवली. हात पुढं न्यायचे, पाय रेघेच्या अलीकडं.

मग जे दिवस गेले ते वाईट गेले. पायाला काही कळेना म्हणून ती डोळ्यांनी राखण करू लागली. मशीनकडं पाठ करायची नाही. डबा मशीनकडं तोंड करून खायची, पुष्कळदा खायचीच नाही. संध्याकाळी डोळे लाल. एकदा कानपूरच्या गिरणीचा माणूस घंटी वाजवत राहिला, बाई कुठं गेली म्हणून विचारत राहिला, आणि ही बाजूलाच बसून टेप लावत होती. कागद खाली लोंबायला लागला तेव्हा तिला दिसलं. त्या वेळी नुकसान झालं नाही. त्या संध्याकाळी ती सायकलवर माझ्या मागं बसली होती. इंदोऱ्याच्या चौकात म्हणाली, "मीच सोडून देतो. कोणी खुर्ची ओढण्याआधी आपणच उठलेलं बरं."

मी मान मागं वळवून काही बोललो असतो तरी तिला ऐकू आलं नसतं. पायडल मारत राहिलो.

त्या रविवारी मी संत्र्याच्या बाजारात गेलो. पेट्यांच्या फळ्या तिथं पडलेल्या असतात. पण त्या पातळ निघाल्या. मग एका आडत्याकडून जुन्या तख्ताची एक लांब, जाड फळी मागून आणली. घासली, कडा मोडल्या, खाली दोन पट्ट्या ठोकल्या. झाला लांबोडका पाट. सोमवारी ऑफिस उघडायच्या आधी मी आणि झाडूवाल्यानं मिळून मशीनचा स्टँड एका बाजूनं उचलला आणि पाटाचं एक टोक त्याच्या पायाखाली सरकवलं. दुसरं टोक खडूच्या रेघेवरून अलीकडं, तिच्या खुर्चीखाली.

विचारणाऱ्यांना मी सांगितलं, फरशी थंड आहे, बाईच्या पायात गोळे येतात. कोणी हरकत घेतली नाही. पाटावर पाय ठेवल्यानं कोणाचा देव विटाळत नाही.

ती आली. पाट पाहिला, माझ्याकडं पाहिलं नाही. चपला काढल्या, बसली, पाय ठेवला. थोड्या वेळानं कलकत्त्याचं मशीन बोलू लागलं तेव्हा तिची पाठ होती. ती वळली. मी बाहेर चहाचे कप विसळत होतो, विसळत राहिलो.

त्या आठवड्यातलीच एक दुपार. ती डबा धुवायला मागं गेली होती. बडेबाबू त्या खोलीत शिरले. ते पाटाकडं बराच वेळ पाहत उभे राहिले. मग तिच्या खुर्चीवर बसले. एका पायातला पंपशू काढला, मोजा काढला, आणि पाय पाटावर ठेवला. काय शोधत होते कोणास ठाऊक. तेवढ्यात मशीन सुरू झालं. त्यांनी पाय पटकन उचलला. मग पुन्हा हळूच ठेवला, आणि मशीन थांबेपर्यंत तसेच बसून राहिले. मी दारात.

"किती वर्षं झाली?" त्यांनी विचारलं.

"लहानपणापासून," मी म्हटलं.

"माझी हाक?"

"नाही ऐकू गेली जी."

"शेठला माहीत आहे?"

"नाही."

त्यांनी मोजा चढवला, शू घातला. "बरं," म्हणाले आणि निघून गेले.

आता गेली खुर्ची, असं धरून मी दोन दिवस काढले. झालं उलटंच. बडेबाबूंनी सगळ्यांना सांगितलं, टेलेक्सचा मजकूर यापुढं लिहूनच द्यायचा, तोंडी चालणार नाही, नियम आहे. फोन काचेच्या खोलीत न्यायचं निघालं तेव्हा म्हणाले, फोन माझ्याच टेबलावर राहील. स्वतःच्या चिठ्ठ्या ते मोठ्या अक्षरात लिहू लागले, पोराला शिकवताना लिहितात तशा. माफी मात्र मागितली नाही. तिच्याशी जास्त बोललेही नाहीत. खडूची रेघ पुसली नाही, पण पुन्हा मारलीही नाही. झाडूनं ती आपोआप गेली.

मी तिला सगळं सांगायला गेलो तर म्हणते, "मले ठाऊक हाय. अक्षर कवढं मोठं झालं, पाह्यलं नाही का?"

"माफी नाही मागितली त्यानं," मी म्हटलं.

"मागाची कशाले? मागितली असती तं मले काहीतरी बोला लागलं असतं."

पुढच्या नवमीला त्यांनी मशीनला कुंकू लावलं, स्टँडला लावलं, टेबलाला लावलं, खुर्चीलासुद्धा लावलं. पाटाला नाही लावलं. पाट कोरा सोडला. दर वर्षी तसंच, ते रिटायर होईपर्यंत. त्या दिवशी ती पाय ठेवायच्या आधी वाकून पाटाकडं पाहायची, मग ठेवायची.

ती खुर्ची मशीन असेपर्यंत तिच्याकडं राहिली. शेठला शेवटपर्यंत कळलं नाही, किंवा कळून ते गप्प राहिले.

मग फॅक्स आला. लहानसा डबा, आवाज नाही, कागद टाकला की तसाच्या तसा तिकडं. त्याला ऑपरेटर लागत नाही. टेलेक्स काढून न्यायचं ठरलं. ज्या दिवशी न्यायचं होतं तो सुट्टीचा दिवस होता, आम्ही दोघं चाव्या घेऊन गेलो होतो. माणसं यायची होती. ती बसली आणि अहमदाबादच्या गिरणीची लाईन जोडली. सगळ्यात जास्त बोलणं त्यांच्याशीच झालं होतं. मजकूर काही पाठवला नाही. नुसतं विचारलं, कोण? मशीन खडखडलं आणि नाव छापून आलं. तिकडं सुट्टी होती, ऑफिसला कुलूप होतं, आत माणूस नव्हता.

"पाहा," ती म्हणाली, "कोणी नाही, तरी नाव दिलं." मग तिनं मशीन बंद केलं.

मशीन भंगारच्या गाडीत गेलं. पाट आम्ही सायकलवर बांधून घरी आणला. पुढं ती आवक-जावकच्या टेबलावर बसली, मुकाट्यानं दिवस काढले आणि रिटायर झाली. त्या दिवसांबद्दल ती कधी बोलली नाही, मीही लिहीत नाही.

आमच्या घराची मागची भिंत चक्कीवाल्याच्या भिंतीला लागून आहे. तिनं पाट स्वयंपाकाच्या जागी आडवा टाकला, एक टोक त्या भिंतीला टेकवून, दुसरं माझ्या खाटेच्या पायाखाली. तोवर उजवा कानही पार गेला होता. मला काही सांगायचं असलं की मी खाटेवरून वाकून पाटावर वाजवायचो. ती जिथं असेल तिथून म्हणायची, "हाव, हाय मी." मग वळायची, आणि मी बोलायचो, ती ओठ पाहायची. रोज सकाळी ती माझ्या आधी उठून पाटावर पाय टेकून चहा मांडायची आणि म्हणायची, "चक्कीवाला उठला." मी कान देऊन पाहायचो, मला काही ऐकू येत नसे. मी म्हणायचो, नाही उठला. थोड्या वेळानं पट्ट्याचा आवाज यायचा. ती माझ्या तोंडाकडं पाहून हसायची. असं किती वर्षं चाललं. मला कान होते आणि मी रोज हरायचो.

त्या सकाळी उजाडलं तरी चहाचा वास नव्हता. मी पाटावर दोनदा वाजवलं. थांबलो. पुन्हा वाजवलं. ती तिच्या सतरंजीवर कुशीवर होती, पाय चादरीबाहेर. मी उतरून पायाला हात लावला. गार होता.

मी बसून राहिलो. मग डोक्यात काहीच नव्हतं म्हणून मिरच्यांचा डबा उचलला आणि चक्कीवर गेलो. चक्की सुरू होती. चक्कीवाल्यानं डबा घेतला. "काकी नाही आली काका? काल म्हणे मीच आणतो."

मी त्याला सांगितलं.

त्यानं डबा खाली ठेवला. हात पुसले आणि पट्टा उतरवायला वळला. शेजारी मयत झालं की चक्की बंद ठेवतात, तो रीतीनंच चालला होता. मी त्याचा हात धरला.

"राहू दे गा," मी म्हटलं. "चालू राहू दे."

"काका, लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. तिच्यासाठी चालू ठेव."

त्याला काही समजलं नसेल. पण त्यानं चालू ठेवली.

घरी आलो. भिंतीचं टोक तसंच ठेवलं, खाटेखालचं ओढून काढलं, आणि पाट फिरवून तिच्या तळव्यांना लावला. मग चप्पल काढून मीही माझा पाय त्याच्यावर ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. थरथर पायात चढली. लोक येईस्तोवर मी तसाच बसून होतो.